स्कॅन केलेल्या चित्राचा कागद पांढरा करताना रेघा का उडतात

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही वहीत पेन्सिलने आणि बारीक पेनने चित्रं काढता, ती स्कॅन करता, आणि स्क्रीनवर बघता तर कागद मळकट राखाडी. मग ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट वाढवता, कागद पांढरा होतो पण त्याबरोबर बोटांवरच्या सुरकुत्या, केसांच्या हलक्या रेघा सगळ्या गायब. थ्रेशोल्ड (प्रत्येक पिक्सेल एकतर काळा नाहीतर पांढरा करणारी सोय) लावून बघितलं तर रेघेची कड करवतीसारखी. शेवटी इरेझर घेऊन एकेक डाग पुसत बसता आणि एका चित्राला तीन-तीन तास जातात. शिवाय हेही विचारलंय की आधीचे पन्नास-साठ स्कॅन परत करावे लागतील का. त्याचं उत्तर शेवटी देतो, कारण मधलं वाचल्याशिवाय ते पटणार नाही.

एक आधीच सांगतो, यातलं बरंचसं बघून ठरवायच्या प्रकारातलं आहे. पेन्सिल आहे का पेन, कागद गुळगुळीत का खरखरीत, चित्र छापायचंय का नुसतं स्क्रीनवर दाखवायचंय का त्यात पुढे रंग भरायचेत, यावर उत्तर बदलतं. मी बरीच वर्षं हाताने काढलेली चित्रं छपाईसाठी तयार करून देतोय, माझी आणि दुसऱ्यांचीही, त्यामुळे माझा कल जरा छपाईकडे असतो हे धरून वाचा. मी मुख्यतः फोटोशॉप आणि गिंप वापरतो पण क्रिता असो नाहीतर क्लिप स्टुडिओ, डोकं तेच लावायचं, मेनू तेवढे वेगळ्या जागी असतात.

तुम्ही नमुन्याला दिलेला तो हाताचा स्कॅन मी उघडला आणि आयड्रॉपर (पिक्सेलचा रंग मोजणारं साधन) घेऊन ठिकठिकाणचे आकडे बघितले. ० म्हणजे ठार काळा, २५५ म्हणजे पांढराशुभ्र, मधले सगळे राखाडी. पानाच्या मध्यावर कागद २३८ आहे. वहीच्या शिवणीकडे, जिथे पान काचेपासून जरासं उचललं गेलंय, तिथे तोच कागद २०५. आणि मधल्या बोटाच्या पेरावरची ती हलकी सुरकुती किती? २१०. आता बघा काय झालंय ते. शिवणीकडचा कोरा कागद तुमच्या रेघेपेक्षा काळा आहे! २०५ ला पांढरा करेल आणि २१० ला हात लावणार नाही असा स्लायडर कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही, असूच शकत नाही. तुम्ही कॉन्ट्रास्ट वाढवत नेता तो त्या शिवणीच्या कोपऱ्यासाठी, आणि जीव जातो बोटावरच्या सुरकुतीचा. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते हे असं.

म्हणजे कागद राखाडी आहे हा तुमचा प्रॉब्लेमच नाही. कागद सगळीकडे सारखा राखाडी नाही, हा आहे. सारखा असता तर लेव्हल्सचा (काळं, मधलं आणि पांढरं कुठे धरायचं ते ठरवणारी सोय) एक फटका आणि काम खलास. त्यामुळे क्रम असा, की आधी कागद सपाट करायचा, म्हणजे सगळीकडे एकच आकडा आणायचा, आणि मग पांढरा करायचा. बहुतेक जण थेट पांढरा करायला जातात, मीही पहिली दोन-तीन वर्षं तेच केलं आणि उरलेलं सगळं इरेझरने ओढत बसायचो.

पण त्याच्याही आधी स्कॅन. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये टेक्स्ट किंवा डॉक्युमेंट असा मोड असतो, तो चित्राला कधीही लावू नका, तो स्वतःच ठरवतो काय अक्षर आणि काय कचरा, आणि तुमची हलकी पेन्सिल त्याच्या लेखी कचराच असते. फोटो मोड घ्या. ऑटो एक्सपोजर, ऑटो शार्पन, बॅकग्राउंड रिमूव्हल असलं जे जे ऑटो दिसेल ते बंद करा. कच्चा स्कॅन मळकट, मेलेला, निर्जीव दिसला पाहिजे, तसा दिसला की समजा बरोबर आलाय. सुंदर दिसणारा स्कॅन बघितला की मला उलट धास्तीच वाटते.

रेझोल्यूशनचं म्हणाल तर पेनच्या कामाला ६०० डीपीआय (एका इंचात इतके पिक्सेल), यात मी तडजोड करत नाही. हिशोब सोपा आहे. ३०० डीपीआयला एका मिलिमीटरमध्ये साधारण १२ पिक्सेल बसतात, म्हणजे ०.१ मिमी पेनच्या रेघेला जेमतेम एक पिक्सेल मिळतो. एका पिक्सेलची रेघ म्हणजे रेघ नाहीच, ती कुठे राखाडी कुठे तुटकी अशीच येणार आणि मग तुम्ही म्हणणार स्कॅनर खराब आहे. ६०० ला तिला दोन-अडीच पिक्सेल मिळतात, मग ती वळू शकते, बारीक-जाड होऊ शकते. ए४ पान ३०० ला २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं होतं आणि ६०० ला ४९६० बाय ७०१६, म्हणजे चौपट पिक्सेल, फाइल जड होते हे कबूल, पण लहान नंतर कधीही करता येतं, मोठं करता येत नाही. नुसती पेन्सिल असेल आणि मूळ आकारातच वापरायची असेल तर ३०० चालतं, पेन्सिलची कड तशीही मऊच असते. फाइल टिफ किंवा पीएनजी ठेवा. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येकाला वेगळं दाबतं, त्यामुळे काळ्या रेघेच्या आजूबाजूला बारीक भुसा सांडल्यासारखे डाग येतात, आणि तुम्ही लेव्हल्स ओढल्या की तो भुसा आणखी उठून दिसतो. तुम्ही जे डाग एकेक करून पुसताय त्यातले निम्मेशिम्मे हेच आहेत, झूम करून बघा, रेघेला चिकटून आहेत ते.

स्कॅनर कुठला यानेही फरक पडतो. आजकालचे पातळ चपटे स्कॅनर सीआयएस सेन्सरचे असतात, त्यांना काचेला चिकटलेलंच नीट दिसतं, पान दोन-तीन मिलिमीटर उचललं गेलं की तिथे धूसर. जुने जाडजूड सीसीडी स्कॅनर याबाबतीत खूप बरे, त्यांना थोडी खोली दिसते. पातळवाला असेल तर वहीवर झाकणाच्या वरून हाताने हलका दाब द्या, नाहीतर पान वहीतून सोडवूनच घ्या. आणि कागद पातळ असून मागच्या बाजूलाही चित्र असेल तर मागे काळा कार्डशीट ठेवा. स्कॅनरचं झाकण आतून पांढरं असतं, कागदातून पार गेलेला उजेड त्याच्यावर आपटून परत येतो आणि येताना मागचं चित्र घेऊन येतो. काळा कागद तो उजेड पिऊन टाकतो. पूर्ण पान थोडं गडद येतं पण मागचं भूत जातं, आणि सारखा गडद कागद आपल्याला चालतो हे वर सांगितलंच.

काच पुसा, पण पाणी किंवा क्लीनर काचेवर थेट मारू नका, कडेने आत झिरपतो आणि काचेच्या आतून जो पट्टा बसतो तो कायमचा. फडक्यावर घ्या आणि मग पुसा. इंक केलेल्या चित्रावरची पेन्सिल खोडायची असेल तर शाई पूर्ण वाळू द्या आणि खोडताना मऊ मळायचा खोडरबर वापरा, साध्या खोडरबरचा चुरा काचेवर पडतो आणि पुढच्या दहा चित्रांवर त्याच जागी तेच ठिपके येतात. पाच-सहा स्कॅनमध्ये एकाच जागी एकच ठिपका दिसला तर तो चित्रावर नाही, काचेवर आहे, इतकं साधं.

आता कागद सपाट करणं. यासाठी मी डिव्हाइड वापरतो, लेयरचा ब्लेंड मोड, म्हणजे वरचा थर खालच्या थरात कसा मिसळायचा ते. स्कॅन ग्रेस्केल (फक्त राखाडी छटांचा) करून त्याची डुप्लिकेट लेयर करा. वरच्या लेयरवरून चित्र पूर्ण घालवायचं आणि फक्त कागदाची सावली उरवायची. फोटोशॉपमध्ये फिल्टरच्या मेनूत मॅक्सिमम म्हणून एक आहे, तो पांढरा भाग पसरवतो आणि काळ्या रेघा गिळून टाकतो, ६०० डीपीआयला १५ पिक्सेल वगैरे द्या, आणि त्यावर गॉशियन ब्लर ६०-१००. गिंपमध्ये मीडियन ब्लर मोठ्या रेडियसने द्या, तोही बारीक रेघा खातो, फक्त वेळ घेतो, तोवर पाय मोकळे करून या. शेवटी वरची लेयर अशी दिसली पाहिजे की जणू धुक्यातला कोरा कागद, मध्ये उजळ आणि शिवणीकडे गडद, चित्राचा मागमूस नाही. आता त्या लेयरचा मोड डिव्हाइड करा.

होतं काय, तर खालच्या प्रत्येक पिक्सेलला त्याच्या वरच्या कागदाच्या आकड्याने भाग जातो. शिवणीकडे कागद २०५ भागिले २०५, म्हणजे १, म्हणजे २५५, पांढरा. मध्यावर २३८ भागिले २३८, तोही पांढरा. आणि ती सुरकुती, २१० भागिले २३८, गुणिले २५५, म्हणजे २२५ च्या आसपास. सावली गेली आणि सुरकुती जागेवर! पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी दोन-तीनदा अनडू-रीडू करून बघितलं होतं, खरंच वाटत नव्हतं. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये डिव्हाइड सापडत नसेल तर तीच धूसर लेयर इन्व्हर्ट करा आणि मोड कलर डॉज ठेवा, गणित तेच होतं.

यात एक खड्डा आहे आणि त्यात प्रत्येक जण एकदा पडतोच. चित्रात मोठा भरीव काळा भाग असेल, समजा काळेभोर केस नाहीतर रात्रीचं आकाश, तर मॅक्सिमम आणि ब्लर त्याला पूर्ण गिळू शकत नाहीत, वरच्या लेयरवर तिथे गडद ढग उरतो, आणि डिव्हाइड केलं की तो काळा भाग आतून पोकळ, राखाडी होतो. अशा वेळी वरच्या धूसर लेयरवर जा, शेजारचा कागदाचा रंग उचला आणि मोठ्या मऊ ब्रशने तो ढग रंगवून टाका. नीटनेटकं करायची गरज नाही, ढोबळ चालतं. फोनने फोटो काढत असाल तर याहून सोपं आहे, चित्राचा फोटो काढला की फोन आणि उजेड जराही न हलवता त्याच जागी कोरा कागद ठेवून त्याचाही एक फोटो घ्या, एक्सपोजर लॉक करून. तो कोऱ्या कागदाचा फोटो थोडा ब्लर करून डिव्हाइड लेयर म्हणून टाका. यात पोकळ काळ्याची भानगडच नाही कारण त्या फोटोत चित्र नव्हतंच कधी. फोन मात्र स्टँडवर पाहिजे, आणि थोडा लांबून झूम करून घ्या, अगदी जवळून घेतला तर चौकोनाच्या कडा पोट आल्यासारख्या बाहेर फुगतात.

इथून पुढे पांढरं करणं म्हणजे खरंच पाच मिनिटांचं काम. लेव्हल्स उघडा आणि हिस्टोग्राम बघा, म्हणजे कुठल्या छटेचे किती पिक्सेल आहेत त्याचा आलेख. उजवीकडे एक उंच अरुंद टेकडी दिसेल, तो कागद. तिच्या डावीकडे लांबवर पसरलेलं जे चिल्लर आहे ते तुमचं चित्र. सपाट करण्याआधी ही टेकडी बसकी आणि रुंद होती, आता ती भिंतीला चिकटून उभी राहिलेली असेल. पांढरा स्लायडर टेकडीच्या डाव्या पायथ्यापर्यंत आणा, पुढे नको. फोटोशॉपमध्ये ऑल्ट दाबून ओढलात तर कुठला भाग उडतोय ते स्क्रीनवर थेट दिसतं, त्याकडे बघत थांबायचं, आकड्याकडे नाही. काळा स्लायडर पेनच्या कामात बिनधास्त आत घ्या, म्हणजे शाई खरी काळी होईल. पेन्सिलला मात्र काळा जवळजवळ हलवूच नका. पेन्सिल कधीच ठार काळी नसते, तिला जबरदस्तीने काळी केली की ती कोळशासारखी दिसायला लागते आणि दाब कुठे कमी कुठे जास्त होता ते सगळं मरतं. त्याऐवजी मधला स्लायडर, गॅमा, जरा उजवीकडे सरकवा, हलक्या रेघा अंगाने भरतात. हे सगळं ॲडजस्टमेंट लेयरवर (मूळ चित्राला हात न लावता वर बसणारा बदल) करा, चार दिवसांनी डोळा बदलतो आणि तेव्हा परत येऊन सुधारता आलं पाहिजे. गिंप जुनं असेल तर निदान मूळ लेयर खाली तशीच ठेवून कॉपीवर करा. आणि मूळ स्कॅनवर कधीही सेव्ह मारायचं नाही, हे सांगायला लागू नये पण लागतं.

कागद किती पांढरा करायचा, हा खरं तर आवडीचा प्रश्न आहे. पेनच्या चित्राला पूर्ण २५५. पेन्सिलच्या चित्राला मी बऱ्याचदा कागद २४८-२५० वर सोडतो, थोडा दाणा राहतो, चित्र कागदावर बसल्यासारखं वाटतं. जलरंगाचा हलका वॉश असेल तर पांढरं करायच्या नादी लागूच नका, फिकट पिवळा वॉश आणि कागद यांच्यात सात-आठ आकड्यांचाच फरक असतो, पहिला बळी त्याचाच जातो. तिथे फक्त सपाट करा आणि सोडा.

तुम्ही निळ्या पेन्सिलने कच्चं काढता असं एका ओळीत लिहिलंय, त्याचा तर फायदाच करून घ्या. अशा चित्राचा स्कॅन ग्रेमध्ये नको, रंगीत घ्या आणि मग चॅनेल्स (चित्राचे लाल, हिरवा, निळा असे सुटे भाग) उघडून एकेक बघा. निळी रेघ निळा उजेड परत पाठवते, त्यामुळे निळ्या चॅनेलमध्ये ती कागदासारखीच उजळ दिसते, म्हणजे दिसतच नाही. काळी शाई मात्र तिन्ही चॅनेलमध्ये काळीच. फक्त निळं चॅनेल उचला, बाकी टाकून द्या, कच्चं काम न खोडता गेलं. निळ्या रेघांच्या वहीवर काढलेल्या चित्रालाही हीच युक्ती. लाल पेन्सिल असेल तर लाल चॅनेल बघा. जुना पिवळा पडलेला कागद किंवा पाण्याचा तपकिरी डाग असेल तर तोही लाल चॅनेलमध्ये सगळ्यात फिका असतो आणि निळ्यात सगळ्यात भयानक. लोक असल्या डागांवर हीलिंग ब्रश घेऊन तासभर बसतात, चॅनेल बदललं तर तो डाग नव्वद टक्के गेलेला असतो. गिंपमध्ये कलर्सच्या मेनूत कंपोनंट्सखाली डिकम्पोज आहे, ते तिन्ही चॅनेल वेगळ्या लेयर करून देतं. हे अर्थात सपाट करण्याच्या आधी करायचं.

धुळीचे ठिपके. वरचं सगळं झाल्यावर जे उरतात तेच हाताने काढायचे, आधी नाही, कारण आधी जे दिसतात त्यातले बरेचसे आपोआप जातात. एक तात्पुरती कर्व्हज (उजळ-गडद बदलणारी वक्ररेषा) लेयर सगळ्यात वर टाका आणि उजळ बाजूचा भाग जाम खाली ओढा, म्हणजे २५० चा ठिपकासुद्धा काळाकुट्ट दिसेल. आता खालच्या लेयरवर पांढऱ्या ब्रशने किंवा लॅसोने वेढा घालून डिलीट करत सुटा, मोकळ्या कागदावरचं सगळं एका दमात जातं. झालं की कर्व्हज लेयर काढून टाका. पेनच्या चित्राला क्लिप स्टुडिओमध्ये रिमूव्ह डस्ट म्हणून सोय आहे, अमुक मापापेक्षा लहान सुटा ठिपका दिसला की पुसतं. फोटोशॉपमध्ये डस्ट अँड स्क्रॅचेस आहे. दोन्ही चालतात, पण डोळे उघडे ठेवून. मी एकदा ठिपक्याठिपक्यांनी शेडिंग केलेल्या एका पक्ष्याच्या चित्रावर असला फिल्टर पूर्ण पानाला मारला आणि न तपासता पाठवून दिला. चित्रकार बाईंचा फोन आला, "अहो, पक्षी सोललात की काय?" पोटाखालचं सगळं शेडिंग साफ. तेव्हापासून असला फिल्टर फक्त चित्राबाहेरच्या मोकळ्या जागेला, सिलेक्शन करूनच.

मधेच एकदा क्रम सांगून टाकतो कारण मी बराच भरकटलोय. रंगीत कच्चा स्कॅन, तिरका असेल तर एकदाच सरळ करणं (पुन्हा पुन्हा थोडं थोडं फिरवू नका, प्रत्येक वेळी पिक्सेल नव्याने मोजले जातात आणि रेघ मऊ होत जाते), चॅनेल निवडणं, डिव्हाइडने सपाट, लेव्हल्सने पांढरं, मग हाताने धूळ, आणि लहान करणं किंवा शार्पन करणं सगळ्यात शेवटी. हात बसला की एका चित्राला पंधरा-वीस मिनिटं.

थ्रेशोल्डचं राहिलंच. थ्रेशोल्ड वाईट नाही, तुम्ही तो चुकीच्या जागी वापरताय. तो प्रत्येक पिक्सेलला विचारतो, काळा का पांढरा, मधलं काही नाही, त्यामुळे रेघेच्या कडेचे राखाडी पिक्सेल, ज्यांच्यामुळे ती डोळ्याला गुळगुळीत वाटते, तेच जातात. स्क्रीनसाठी तो कशालाच नको. छपाईसाठी निव्वळ काळ्या रेघांचं काम असेल तर मात्र तोच हवा, पण १२०० डीपीआयला. तिथे करवतीचे दात इतके बारीक होतात की कागदावर डोळ्याला दिसत नाहीत. पेन्सिलला थ्रेशोल्ड, कधीच नाही.

रंग भरायचे असतील तर रेघ कागदापासून सुटी करायला लागते. सगळ्यात सोपं म्हणजे चित्राची लेयर मल्टिप्लाय करायची आणि खाली नव्या लेयरवर रंगवायचं, पांढरं आपोआप पारदर्शक होतं. पण रेघेलाच रंग द्यायचा असेल, समजा गालाची रेघ तपकिरी, तर ती खरोखर सुटी पाहिजे. गिंप आणि क्रितामध्ये कलर टू अल्फा आहे, पांढरा निवडा, झालं. फोटोशॉपमध्ये चॅनेल्स पॅनेलमधल्या सगळ्यात वरच्या चौकटीवर कंट्रोल दाबून क्लिक करा, उजळ भाग सिलेक्ट होतो, सिलेक्शन उलटं करा आणि नव्या रिकाम्या लेयरवर काळा भरा. मॅजिक वाँडने पांढरं निवडून डिलीट करू नका, रेघेभोवती पांढरी किनार राहते आणि खाली गडद रंग आला की ती किनार दात विचकते.

छापायला देणार असाल तर आणखी एक. आरजीबीमधला (स्क्रीनचे लाल-हिरवा-निळा) काळा सरळ सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाया) बदलला की त्याच्यात चारही शाया येतात. छापताना एखादी प्लेट केसभर जरी सरकली तरी प्रत्येक बारीक रेघेला गुलाबी-निळी सावली. माझं एक अख्खं काम असं आलंय, ते बघताना डोळ्यांचा नंबर वाढल्यासारखं वाटायचं. काळ्या रेघांची फाइल ग्रेस्केल किंवा एक बिटची (निव्वळ काळा-पांढरा) द्या, म्हणजे फक्त काळी शाई लागेल.

व्हेक्टर (पिक्सेलऐवजी आखलेल्या आकारांचं चित्र) करू का, असंही विचारलंत. लोगोसारखं, जाड ठाम रेघांचं काम असेल तर करा, इंकस्केपमधलं ट्रेस बिटमॅप फुकट आहे आणि चांगलं आहे. पण नेहमीच्या सेटिंगला ते तुमच्या रेघेची रेघ करत नाही, रेघेच्या दोन्ही कडा आखून मध्ये काळा भरलेला आकार करतं, त्यामुळे नंतर जाडी बदलायला गेलात की पंचाईत. आणि हातावरच्या सुरकुत्यांसारखं हळवं काम त्यातून प्लास्टिकचं होऊन निघतं. तुमच्या चित्रांना नको.

आता ते पन्नास-साठ जुने स्कॅन. सगळे परत करू नका. प्रत्येक फाइल १०० टक्के झूमवर उघडा आणि चित्रातली सगळ्यात हलकी रेघ कुठली होती ते आठवून फक्त तीच शोधा. कागद कितीही कळकट असू दे, रेघ दिसतेय ना, मग स्कॅन जिवंत आहे, वरच्या पद्धतीने निघेल, जेपेग असला तरी निघेल, कडेचा भुसा तेवढा थोडा जास्त पुसावा लागेल. तुमचा हाताचा स्कॅन त्यातलाच, त्याला परत काचेवर ठेवायची गरज नाही. रेघ जिथे असायला हवी तिथे आकडा सपाट २५५ असेल, तर तो स्कॅन टेक्स्ट मोडमध्ये झालाय नाहीतर ऑटोने कागद आधीच जाळलाय, आणि त्यातून काही परत येत नाही, ते पान तेवढं काढून ठेवा. दुसरा नमुना दिलात ना, झाडाचा, त्यात डावीकडच्या फांद्यांची टोकं अशीच २५५ वर सपाट आहेत. पुन्हा स्कॅन करायच्या गठ्ठ्यात पहिला तो टाका.